एवढ्याशानं काय होतंय?

आमच्या फौंड्रीत दिवसाला २० टन लोखंड वितळतं. शिरोली एमआयडीसीच्या मानानं हा आकडा छाती फुगवण्यासारखा नाही. आमचे शेजारीच याच्या तिप्पट ओततात. पण क्वालिटी विभागातल्या माणसाला हे २० टन पुरून उरतं. शर्टाच्या कॉलरला लोखंड, नखात लोखंड, रुमालात शिंकलं तर त्यातही लोखंड. संध्याकाळी माझी अंघोळ झाल्यावर मोरीच्या जाळीवर चुंबक फिरवला तर पावशेर माल सहज निघेल. असा मी. आणि माझ्या रक्ताचा रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले, "तुमच्या अंगात लोह नाही."

हिमोग्लोबिन ८.२. पुरुषाचं १३ च्या वर हवं.

बातमी शॉपवर पोचायला चहाची एक सुट्टी पुरली. मोल्डिंगवरच्या पोरांनी "सायेब, चार्जमधलं भंगार जरा चघळत चला" असा सल्ला दिला. घरी आईनं बीट, खजूर आणि गूळ-शेंगदाण्यांचा मारा सुरू केला. सासुरवाडीहून पायाचं सूप आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या मी इमानदारीत गिळल्या. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ८.४. म्हणजे गेटवर माल रोज उतरतोय, आवक-रजिस्टरला सही होतेय, पण स्टोअरला जमा काहीच नाही. आमच्या कंपनीत असं झालं असतं तर आधी वॉचमनला धरलं असतं.

सोबत पोटाच्या तक्रारी होत्याच. पोट फुगायचं, दिवसातून चारदा पळायला लागायचं, आणि दुपारी तीनला असा थकवा यायचा की व्हर्नियर कॅलिपरसुद्धा जड वाटायचा. या पोटाचं निदान कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक सज्ञान नागरिकानं केलं. कुणी वात म्हणालं, कुणी पित्त. आत्या नजर म्हणाली. मॅनेजर म्हणाले, "टेन्शन घेतोस तू." टेन्शन देणारा माणूसच असं म्हणाला की त्यावर पुढं बोलता येत नाही.

शेवटी एका पोटाच्या डॉक्टरांनी वेगळाच प्रश्न विचारला. "गहू सोसतो का तुम्हाला?"

आता गहू सोसतो का, हे कुणी कधी स्वतःला विचारतं का? उद्या कुणी विचारेल, हवा सोसते का. पण मी ताठ बसून अभिमानानं सांगितलं, "डॉक्टर, पुण्याच्या चुलतभावानं फोनवर सांगितलं म्हणून तीन आठवडे गहू बंदच केलाय. फार बरं वाटतंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग आता तपासू काय?"

चूक लगेच लक्षात आली. भट्टी विझवायची आणि मग तापमान मोजायला माणूस बोलवायचा, तसला प्रकार मी केला होता. डॉक्टरांना ज्या आजाराचा संशय होता त्यात अंगातली संरक्षक फौज गव्हावर बिथरते आणि रागाच्या भरात आपल्याच आतड्यावर हल्ला करते. त्या फौजेच्या खुणा रक्तात सापडतात, पण गहू पोटात जात असेल तरच. शत्रू दिसला नाही की फौज बराकीत झोपते आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. म्हणून डॉक्टरांनी लेखी हुकूम दिला: सहा आठवडे रोज गहू खा, तोही एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात, आणि मग या.

दुखणाऱ्या पोटाला चपातीचं प्रिस्क्रिप्शन मिळालेला शिरोलीतला मी बहुधा पहिलाच. हे सहा आठवडे म्हणजे माझा निरोपाचा दौरा होता. सकाळी मिसळ आणि ब्रेडचे स्लाइस, चहाबरोबर खारी, कँटीनच्या चपात्या, रविवारी पुरणपोळी. तोंड दर घासाला आभार मानत होतं आणि पोट दर घासाला शिव्या देत होतं. बायको म्हणाली, "अहो, फाशीच्या आधी शेवटची इच्छा विचारतात ती एक दिवसाची. तुमची चाललीय दीड महिना."

मग रक्त दिलं. चाचणीचं नाव टीटीजी-आयजीए. तिच्याबरोबर एकूण आयजीए किती तेही मोजतात, कारण काही जणांच्या रक्तात आयजीए हा पदार्थच मुळात कमी असतो, आणि मग टीटीजीचा आकडा कितीही निर्मळ आला तरी त्याला अर्थ नसतो. हे ऐकल्यावर माझा डॉक्टरांवरचा विश्वास दुप्पट झाला. आधी गेज बरोबर आहे का बघा, मग माल तपासा: गेली १५ वर्षं मी शॉपवर घसा कोरडा करून हेच सांगतोय.

आकडा वाढलेला निघाला. पुढची पायरी एंडोस्कोपी. तोंडातून कॅमेरा घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे काढायचे. "किती?" मी विचारलं. "चार ते सहा," डॉक्टर म्हणाले, "आजार सगळीकडे सारखा नसतो. एकच तुकडा घेतला आणि तो नेमका चांगल्या जागेचा निघाला तर फसगत होते." सॅम्पलिंग प्लॅन! मी आडवा पडल्या पडल्या मान डोलावली. फरक इतकाच की आजवर टेस्ट पीस मी कापत होतो, आज मीच टेस्ट पीस होतो.

रिपोर्टही ओळखीच्या भाषेत आला. आम्ही लोखंडाचा तुकडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅफाइटची ठेवण बघतो आणि ग्रेड देतो. हे लोक आतड्याची ठेवण बघून मार्श नावाच्या डॉक्टरच्या नावानं ग्रेड देतात. मला तिसरी मिळाली. शाळेत तिसरी श्रेणी मिळाली होती तेव्हा बाबांनी छडी काढली होती. इथं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. चांगलं आतडं आतून नव्या टॉवेलसारखं असतं, हजारो बारीक बोटांसारखे धागे उभे. ते धागे अन्न टिपून घेतात. माझा टॉवेल झिजून पंचा झाला होता. आणि लोह टिपायचा मुख्य भाग नेमका हाच, आतड्याची सुरुवात. स्टोअरला माल का जमा होत नव्हता, ते कळलं. वॉचमन निर्दोष होता. रॅकच सपाट झाले होते.

आजाराचं नाव सिलियाक. औषध काहीच नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही, काढा नाही. गहू, जव आणि राय ही तीन धान्यं जन्मभर बंद. राय आमच्याकडं पिकतच नाही, तेवढा एक पदार्थ मी क्षणात सोडला.

या तिघांत जो ग्लुटेन नावाचा प्रथिनांचा चिकटा असतो, तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. लहानपणी शेतात कच्चे गहू तोंडात टाकून चावत बसायचो आणि शेवटी तोंडात रबरासारखं चिंगम उरायचं ना? ते चिंगम म्हणजेच ग्लुटेन. आमच्या धंद्यात सांगायचं तर बाइंडर. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट नसेल तर साचा उभाच राहत नाही, तशी ग्लुटेनशिवाय चपाती लाटली जात नाही. ज्वारीत हा बाइंडर नाही. म्हणून तर भाकरीच्या पिठात आधणाचं पाणी ओतावं लागतं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च चिकट होतो आणि तात्पुरती पकड देतो. साच्याच्या वाळूत आम्हीही मक्याचं स्टार्च घालतो. माझ्या आईनं फौंड्रीचं तोंड पाहिलेलं नाही, पण बाइंडरचं शास्त्र तिच्या तळहातात आहे.

या आजाराची कूळकथाही क्वालिटीवाल्यानं ऐकण्यासारखी आहे. १९२४ मध्ये सिडनी हास या अमेरिकन डॉक्टरनं अशा खंगलेल्या मुलांना केळी खायला घालून बरं केलं. केळ्याचा जयजयकार झाला. मुलं सुधारली होती ती केळ्यामुळं नव्हे, केळी खाताना ब्रेड बंद झाला म्हणून. आमच्याकडं याला म्हणतात, दुरुस्ती बरोबर, मूळ कारण चूक. मूळ कारण पकडलं ते विलेम-कारेल डिके या डच डॉक्टरनं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, लोक खंगले, आणि त्याची ही आजारी मुलं मात्र सुधारली. त्याला गव्हाचा संशय आधीपासून होताच. १९५० साली त्यानं तो प्रबंधात मांडला. पाचदा 'का' विचारा म्हणून आम्हाला ट्रेनिंग देतात. डिकेनं नक्कीच पाचापेक्षा जास्त वेळा विचारलं असेल.

घरी येऊन सांगितलं, गहू बंद. आई म्हणाली, "मग काय झालं? भाकरी खायची." तिच्या दृष्टीनं विषय संपला. तिच्या लहानपणी चपाती सणाला आणि पाहुण्याला. एरवी सकाळ-संध्याकाळ शाळूची भाकरी. पुढं बाबांना नोकरी लागली आणि आमची चपातीवर बढती झाली. आता डॉक्टरच्या चिठ्ठीवर माझी परत भाकरीवर बदली झाली होती, एवढंच.

मीही निर्धास्त झालो. कोल्हापुरात भाकरीला काय तोटा? तांबडा चालतो, पांढरा चालतो, सुकं चालतं. बुधवार आणि रविवार तर बिनघोर. मग डॉक्टरांनी तो आकडा सांगितला.

"२० पीपीएम."

मी खुर्चीतच दचकलो. पीपीएम या शब्दानं मी झोपेतसुद्धा दचकतो. दहा लाख नगांमागं किती नग नापास, हा आकडा घेऊन गिऱ्हाईक कंपनीची माणसं दर महिन्याला माझ्या छातीवर बसतात. ती परवडली. आता माझंच आतडं गिऱ्हाईक झालं होतं. एक किलो अन्नात २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन असेल तरच त्याला ग्लुटेन-फ्री म्हणायचं, असा आपल्याकडच्या अन्नसुरक्षा खात्याचा नियम आहे. मी मनात गणित केलं: ५०० किलोचं लॅडल भरून धातू, त्यात १० ग्रॅम. आणि या गिऱ्हाइकाकडं 'डेव्हिएशन'वर माल पास करून घ्यायची सोय नाही, दिवाळीला मिठाईचा डबाही चालत नाही. मिठाईनं तर फारच चिडतं.

मग मी घराचं ऑडिट केलं. पहिलं नॉन-कन्फर्मन्स निघालं गिरणीत. ज्वारी शुद्ध, आईचे हात शुद्ध, पण ज्या जात्यावर ती दळली त्यावर पाच मिनिटं आधी शेजारच्या काकूंचे १० किलो गहू दळून गेलेले. गिरणीवाल्या काकांना मी शांतपणे समजावलं. ते तितक्याच शांतपणे म्हणाले, "पयली मूठ टाकून देतो की. येवढ्याशानं काय हुतंय?"

हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. नंतर ते ऐकू आलं नाही असा आठवडा गेला नाही.

घरघंटी घेतली. ती घरात आल्यावर बायकोनं नियम केला: तिच्यात गव्हाचा दाणा जाणार नाही. शिवाय वेगळा तवा, वेगळी परात, वेगळा पोळपाट. माझ्या डब्यांना हिरवी चिकटपट्टी, गव्हाच्या डब्यांना लाल. शॉपवर 'पास' आणि 'रिजेक्ट'च्या पट्ट्या लावून मी दमलो होतो, आता स्वयंपाकघरातही तेच.

दुसरा दोष सापडला हिंगात. हिंगात! मी डबी नाकाजवळ नेली, मग डोळ्याजवळ, मग मोबाइलचा कॅमेरा मोठा करून मागची बारीक अक्षरं वाचली. घटक: गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. आपण हिंग म्हणून जे घेतो त्यात बहुतेक वेळा खरा हिंग थोडा आणि पीठच जास्त असतं, खडा नुसता सोसवत नाही म्हणून. म्हणजे इतकी वर्षं माझ्या आमटीला रोज गव्हाची फोडणी बसत होती. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो शोधला. थालीपिठाची भाजणी बघितली, त्यात गहू. मेतकूट बघितलं, त्यातही मूठभर गहू. कुरडईच्या बाबतीत आई वकिली करायला उभी राहिली: "कुरडई गव्हाची कुठं? ती चिकाची!" तिचं अगदीच चूक नव्हतं. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढताना पुष्कळसा ग्लुटेन चोथ्यातच राहतो. पण पुष्कळसा म्हणजे २० पीपीएम नव्हे. अपील फेटाळलं.

सगळ्यात गोड हल्ला खपलीवाल्यांचा. आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात खपली गव्हाला देवासारखं मानतात. "खपली खा, तो जुना गहू, त्याला काय हुत न्हाई." जुना असला तरी गहूच. आजोबा म्हातारे झाले म्हणून घराण्याचा राग जात नसतो.

एकदा हौसेनं ग्लुटेन-फ्री ब्रेड मागवला. साध्या ब्रेडच्या तिप्पट पैसे. पाकीट उघडून स्लाइस उचलला तर त्याचा हातातच भुगा झाला. बायको म्हणाली, "पैसे देऊन वाळू आणलीत?" मी म्हणालो, "वाळू नाही, बाइंडर कमी पडलाय." ती म्हणाली, "फौंड्रीत बसून खा मग." २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा कंपनीच्या गेस्टरूममध्ये कुणीतरी नाचणीची बिस्किटं ठेवली होती. मी आशेनं पाकीट उलटं केलं. पहिला घटक मैदा, नाचणी चौथ्या नंबरवर, पाहुणी म्हणून आलेली.

उलट आपले जुनेच लोक मदतीला आले. एकादशी! साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा: त्या दिवशी सगळं घर माझ्या बाजूला येतं. मी, ज्यानं आयुष्यात एक उपास धरला नाही, तो आता महिन्याच्या दोन्ही एकादश्या कॅलेंडरवर गोल करतो. कामावर कुणीतरी माळ कधी घालतोय म्हणून विचारलं. शनिवारच्या मंडळात मात्र प्रतिष्ठा गेली. बिअर जवाची, म्हणून बंद. गाळलेली दारू चालते, असं डॉक्टर नाइलाजानं म्हणाले. माझ्या मित्रांनी या आजारातलं तेवढं एकच वाक्य पाठ केलंय.

डॉक्टरांनी भावाबहिणीलाही तपासून घ्यायला सांगितलं, कारण हा आजार रक्ताच्या नात्यात जास्त सापडतो. उत्तर हिंदुस्थानात शंभरात एकाला, दक्षिणेत त्याहून खूपच कमी जणांना, आणि आम्ही मधले. मी भावाला सांगितलं, "एका हीटमधला एक नग फुटला की सगळी हीट तपासतात. आपण एकाच हीटचे." तो म्हणाला, "मला काय झालंय? थोडं पोट बिघडतंय कधी. एवढ्याशानं काय होतंय?"

हे वाक्य लग्नात जिलेबी घेऊन येतं. मिसळीच्या गाड्यावर मी पिशवीतून भाकरी काढतो तेव्हा फरसाणाची वाटी घेऊन येतं. "आम्ही काय गहू खाऊन मेलो व्हय?" या सख्ख्या बहिणीला बरोबर घेऊन येतं. राग येत नाही, कारण त्यामागं माया असते. आमच्याकडं प्रेम बोलून दाखवत नाहीत, ताटात वाढतात. आणि ताटावर हात आडवा धरणारा माणूस जेवण नाकारत नसतो, वाढणाऱ्यालाच नाकारत असतो. खोकल्यात कुणी ताक पाजत नाही, मधुमेहाला साखर वाढत नाहीत. पण एका चपातीनं माणूस आजारी पडतो हे ज्याला चपातीवर वाढवलंय त्याला पटत नाही. मी पीपीएम सांगून बघितलं, आतड्याचं चित्र काढून बघितलं, डिकेची गोष्टसुद्धा सांगितली. आत्या म्हणाली, "बिचारी पोरं. त्यांना पण खायला दिलं न्हाई व्हय?"

गेल्या वर्षी कंपनीत सत्यनारायण होता. भट्टीपुढं चौरंग, केळीचे खुंट, मशिनींना झेंडू. मालकांच्या आईनं स्वतःच्या हातानं प्रसाद वाटायला घेतला. साजूक तुपातला शिरा. रव्याचा. माझ्यापुढं मूद आली. मी हळूच म्हणालो, "आजी, मला नको." सगळा शॉप गप्प. प्रसादाला नको म्हणणारा माणूस एमआयडीसीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आजी म्हणाल्या, "देवाचा आहे बाळा. एवढ्याशानं काय होतंय?"

देव, तूप, मालक आणि आजी, चौघे एका बाजूला. मी हात पुढं केला. मूद तळहातावर आली, गरम. तेवढ्यात भट्टीवरचे मामा मागून आले. तीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस, सातवीच्या पुढं शाळा नाही. त्यांनी माझ्या हातातली मूद सरळ उचलली आणि आपल्या तोंडात टाकली.

"आज्जी," ते खात खात म्हणाले, "हेंचा चार्ज एसजीचा हाय. त्यात शिसं चालत न्हाई."

आजींना काही कळलं नाही, पण शॉपवरच्या साठ माणसांना एका क्षणात सगळं कळलं. एसजी आयर्नच्या टनभर रसात भंगारातून शिशाचा नुसता अंश आला, डोळ्याला दिसणार नाही इतका, तरी ग्रॅफाइटच्या गोळ्या बिघडतात आणि अख्खी हीट वाया जाते. प्रत्येकानं अशी एखादी रात्र बघितलेली होती, सकाळपर्यंत रिजेक्शनचा ढीग मोजत. एवढ्याशानं काय होतंय, हे त्यांना समजावायची गरजच नव्हती. दोन वर्षं मी आतड्याचं चित्र काढत हिंडलो, आणि मला वाक्य हवं होतं ते माझ्याच भट्टीवर पडलेलं होतं.

मामांनी चौरंगावरच्या फणीतलं एक केळं तोडलं आणि आजींच्या हातात दिलं. आजींनी ते माझ्या हातात ठेवलं. "हे तरी चालतंय नव्हं?"

चालतंय म्हणालो. हिमोग्लोबिन आता १३.१ आहे. आजी सगळ्यांना सांगतात, सत्यनारायणाच्या केळ्यानं पोराला गुण आला. मूळ कारण चूक आहे, पण मी दुरुस्त करत नाही.